कुणाच्याच मालकीचा नसलेला दगड

१

पेटीची काच सरकवून प्रियदर्शनी मॅडमनी आतला काळा दगड दोन्ही हातांनी उचलला, आणि उचलल्याउचलल्याच त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. दगड जड होता. खरा दगड दिसायला भारी आणि हाताला हलका लागायचा, त्याच्या अंगावरच्या बारीक पुळ्या बोटांना खरखरायच्या. हा गुळगुळीत होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला तेव्हा त्यांच्या तळव्यांना काळं लागलेलं होतं.

सांगलीतल्या त्या विधी महाविद्यालयात हा दगड सगळ्यांच्या कौतुकाचा. हिंदी महासागराच्या तळातून, जिथवर कुठल्याच देशाची हद्द पोचत नाही अशा जागेतून तो वर काढलेला होता. किनाऱ्यावरच्या एका सरकारी संशोधन संस्थेनं तो मॅडमच्या सहकाऱ्याला, धनाजी कोळेकर सरांना, शिकवण्यापुरता दिला होता. धनाजी सर आधी भूशास्त्रज्ञ आणि मग कायद्याचे प्राध्यापक. सुट्टी लागली की सर्वेक्षणाच्या जहाजावर जायचे. गेल्या महिन्यात तसेच गेले आणि वादळात डेकवरून पाण्यात पडले. जहाज खूप शोधत फिरलं, पण देह सापडला नाही.

आता संस्थेचे एक अधिकारी दगड परत न्यायला आले होते, आणि त्यांच्यासमोर टेबलावर हा भलताच धोंडा पडला होता.

महाविद्यालयाचे कार्याध्यक्ष विश्वजीतराव खुर्चीतून उठले. कुपवाडला त्यांची फौंड्री होती आणि गडी बोलायला धारदार होता. पेटीच्या दोन किल्ल्या, एक शिपायाकडं आणि एक धनाजीकडं, एवढं सांगून ते क्षणभर थांबले.

"शिपाई बिचारा दगड घेऊन काय करणार? धनाजीनं जाण्याआधीच खरा दगड विकला. सागरी कायद्याच्या दालनाला त्याचं नाव द्यायचं ठरलंय ना? ती पाटी आता लागणार नाही. सोमवारी पोलिसांत तक्रार जाईल."

मेलेला माणूस काही उत्तर द्यायला येत नाही. मॅडम नुसत्या आपल्या काळ्या तळव्यांकडं बघत राहिल्या.

२

त्याच दुपारी मॅडमनी सुभेदार धैर्यशील बर्ग्यांना बोलावून घेतलं. हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे. उभी नोकरी सैन्याच्या पोलीस दलात काढली आणि निवृत्त झाल्यावर डोक्याला चाळा हवा म्हणून इथं कायद्याला नाव घातलं. वर्गातली पोरं त्यांना आजोबा म्हणायची. धनाजी सर मात्र वयानं मुलासारखे असूनही "सुभेदारसाहेब" म्हणायचे आणि पहिल्या बाकावर बसवायचे. सरांच्या नावाला बट्टा लागतोय हे ऐकल्यावर सुभेदारांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

त्यांनी मॅडमना साधा प्रश्न विचारला. असला एक दगड कोण विकत घेईल?

कुणीच नाही, असं मॅडमचं मत होतं. त्यात निकेल, तांबं, कोबाल्ट किती असतं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. खरी किंमत तिथला पट्टा खोदायच्या परवानगीला, आणि ती देणारी आंतरराष्ट्रीय संस्था वेगळीच. तो समुद्रतळ कुठल्याही देशाला आपला म्हणता येत नाही. तो सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा, असं कायदाच सांगतो.

"सर ते गायरानावरून शिकवायचे," सुभेदार म्हणाले.

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तिथंच विरलं. गायरान कुणा एकाच्या बापाचं नसतं म्हणूनच ते सगळ्यांचं, आणि अजून जन्माला यायच्या लेकरांचंही, असं धनाजी सांगायचे. कंपनीनं खोदायला जागा मागितली तर तिनं सारख्या तोलाचे दोन वाटे दाखवायचे, त्यातला एक जगासाठी, गरीब देशांसाठी राखून ठेवायचा, आणि तो कुठला हे कंपनीनं ठरवायचं नाही. भाऊबंदकीत एकानं वाटे करायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा, तसंच ते. पोरांना हे एका तासात कळायचं.

यावरूनच मॅडमचं आणि धनाजींचं वाजलं होतं. तळाशी काय काय जगतंय हेच अजून कळलेलं नाही, तोवर तिथं यंत्र उतरवूच नये, असं मॅडम म्हणायच्या. धनाजी म्हणायचे, मान्य, पण उद्या श्रीमंत देश उतरलेच तर गरिबाचा वाटा कोण धरून ठेवणार? जाण्याच्या आदल्या दिवशी हा वाद तोंडातोंडीवर गेला होता.

"जहाजावर चढताना त्यांचा फोन आला होता," मॅडम म्हणाल्या. "मी मुद्दाम उचलला नाही. म्हटलं, परत आल्यावर बोलू."

 सुभेदारांनी खिडकीबाहेर बघत त्यांना रडू दिलं. मग जाता जाता विचारलं, की सरांच्या मागं त्या दगडाजवळ कोण कोण गेलं होतं? शोकसभेच्या दिवशी तो सरांच्या फोटोशेजारीच होता, मॅडम म्हणाल्या, पण पेटी बंदच होती. निदान शिपाई नाथाजी तरी तसं शपथेवर सांगतो.

३

कुपवाडच्या फौंड्रीत भट्टी पेटलेली होती आणि विश्वजीतरावांचा पारा तिच्याहून चढलेला होता. सुभेदारांनी आधी त्यांच्या ओतकामाची तारीफ केली, मग हळूच विचारलं, की सरांनी दगड विकला हे इतक्या खात्रीनं कसं सांगता?

विश्वजीतराव जरा गडबडले. मग खरं ते बोलले. समुद्रात खोदणाऱ्या एका परदेशी कंपनीला यंत्राचे भाग पुरवायची बोलणी त्यांनी चालवली होती. यंत्राच्या दातांची परीक्षा घ्यायला म्हणून त्यांनी धनाजीकडं त्या दगडाचा तुकडा मागितला होता, आणि धनाजीनं चारचौघांत नकार दिला होता. हा दगड तुमचाही नाही आणि माझाही नाही, असं तो म्हणाला होता. तो अपमान विश्वजीतरावांच्या मनातून गेला नव्हता.

"मला नाही म्हणाला, कारण दुसरं गिऱ्हाईक असणार," ते म्हणाले. "तत्त्वाच्या गप्पा मारणारी माणसं मी लय बघितल्यात."

म्हणजे दगड हवा असलेला माणूस इथंच समोर बसला होता. सुभेदारांनी तसं तोंडावर म्हणून टाकलं. विश्वजीतराव चिडले नाहीत. मुकाट्यानं उठले, कपाट उघडलं आणि आतला काळा खडबडीत तुकडा टेबलावर आणून ठेवला. कंपनीनंच पुढं रीतसर नमुना पाठवला होता. चोरी करायची त्यांना गरजच उरली नव्हती.

सुभेदार उठले. सहज विचारल्यासारखं त्यांनी शोकसभेचं विचारलं. सभा चांगली झाली, विश्वजीतराव म्हणाले, भाषणं झाली, धनाजीची आई गावाकडून जीपनं आली होती.

"भाषणं चालू असताना म्हातारी माझ्याजवळ येऊन काहीतरी मागत होती. मदतबिदत हवी असेल. बघू म्हटलं. पुढं राहूनच गेलं."

एवढं बोलून ते पुन्हा भट्टीकडं गेले. म्हातारीनं मागितलं तरी काय असेल, याचा विचार करत सुभेदार फाटकाबाहेर पडले.

४

संध्याकाळच्या उन्हात सुभेदारांनी तो धोंडा महाविद्यालयाच्या पायरीवर ठेवला आणि फिरवून फिरवून पाहिला. शेजारी शिपाई नाथाजी अंग चोरून उभा होता.

काळं फक्त एका बाजूला होतं. दुसरी बाजू साध्या दगडाची, मातकट. काळ्या बाजूवर पांढुरक्या ओघळाचे डाग होते, काहीतरी उतू जाऊन वाळल्यासारखे. सुभेदारांनी दगड नाकाशी नेला. धुराचा वास आला.

"नाथाजी, तुला हा दगड बघून काय वाटतं?"

नाथाजीनं मान खाली घातली. मग सुभेदार आपल्याशीच बोलल्यासारखं बोलू लागले. ज्याला फसवायचं असतं तो सगळा दगड रंगवतो. निदान खडबडीत दगड तरी शोधतो. आणि धनाजी सरांसारखा माणूस, ज्यानं असे हजारो दगड हाताळले, तो असली कच्ची बनवाबनवी करेल? हा दगड कुणाला फसवायला ठेवलेलाच नव्हता. ज्यानं ठेवला त्याला वेगळंच काहीतरी करायचं होतं.

"आणि पेटीच्या काचेवर आतून काजळीची बोटं उमटल्यात. पेटी उघडली होती, आणि सरांनंतर किल्ली तुझ्याचकडं होती. तू उघडलीस."

नाथाजी पायरीवर बसला आणि बोलू लागला. सरांचं नाव खराब होतंय म्हणून त्याचा जीव तुटत होता, पण खरं सांगितलं तर सरांच्या माउलीच्या मागं पोलीस लागतील, या भीतीनं त्यानं तोंडाला कुलूप घातलं होतं. सभा संपून सगळे चहाला गेले तेव्हा धनाजीची आई पेटीपाशी बसून राहिली होती. एकदा हात लावू दे म्हणाली. त्यानं काच सरकवली. तिनं पाणी मागितलं, म्हणून तो पाणी आणायला गेला. परत आला तेव्हा काच लावलेली होती आणि ती गाठोडं बांधून उभी होती.

"काही बोलली का?"

"येकच इचारलं सायेब. पोरगं जितं गेलं, तितल्याच पान्यातला हाय का ह्यो, म्हनली. मी व्हय म्हनलं. मला काय ठावं? पर व्हय म्हनलं."

सुभेदारांच्या हातातला दगड एकदम जड झाला. त्यांचा धाकटा भाऊ ज्योतिबा फार वर्षांपूर्वी उत्तरेत बर्फाखाली गाडला गेला होता, तोही मिळाला नाही. तेव्हा त्यांची आई गावच्या घाटावर रिकाम्या हातानं उभी राहून सगळ्यांना एकच विचारत होती, पाणी कशावर सोडू? 

आता दगड कुठं आहे हे त्यांना कळलं. तो परत मागायचा कसा, हे मात्र कळेना.

५

कवठे महांकाळच्या पुढं रस्ता सोडून आत गेलं की धोंडुबाई कोळेकरांचं घर. वाटेतला पाट कोरडा होता, तळाला चिखलाचे पोपडे सुटले होते. घर पक्कं, आत गॅस, पण भाकरीपुरती चूल अंगणातच होती. सुभेदार ओसरीवर टेकले आणि त्यांची नजर आधी चुलीकडं गेली. दोन दगड धुरानं काळे झालेले, आणि तिसऱ्या जागी कोरी लाल वीट.

धोंडुबाईंनी पाणी दिलं. धनाजी दर शनिवारी यायचा, चुलीपाशीच बसायचा आणि पहिली भाकरी त्याचीच असायची, हे त्यांनी न विचारता सांगितलं. सुभेदारांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"आक्का, चुलीचा तिसरा दगड कुठं गेला?"

बाईंनी डोळे वळवले नाहीत.

"कालिजात ठिवलाय. मोकळ्या हातानं कसा आनू? आमची मेंढरं कुनाच्या रानात बसली, तर चारून घेतो आन् खत ठिवून जातो. नुस्तं घिऊन गेलं तर फुडल्या वर्साला कोन हुबं करंल? त्यांचा दगड घेतला, गाठुड्यात नेलेला आमच्या घरातला ठिवला. ह्याच चुलीवर वाढलं व्हतं माजं पोरगं."

आत कोनाड्यात निरांजन तेवत होतं आणि पांढऱ्या फडक्यावर तो खडबडीत काळा दगड होता. त्याच्यावर काळे तीळ चिकटलेले होते.

सुभेदारांना काही विचारायची गरज नव्हती. मडकं फोडायचा दगड, जीवखडा, दहा दिवस मेलेल्या माणसाच्या जागी असतो. त्याच्यावरच पाणी सोडायचं आणि दहाव्याला तो वाहत्या पाण्यात द्यायचा. धोंडुबाईंच्या पोराला ना चिता मिळाली ना मडकं. ज्या समुद्रानं त्याला नेलं त्या समुद्राचा एवढा एक दगड जमिनीवर होता. तोही त्यांनी आधी मागून पाहिला होता. भाषणं करणाऱ्या त्या मोठ्या माणसानं "बघू" म्हटलं होतं.

"अजून पाण्यात दिला न्हाई?" सुभेदारांनी विचारलं.

"पाट कोरडा हाय. योजनेचं पानी सुटलं की देनार. साचल्या डबक्यात कसा टाकू त्येला?"

आता सांगणं भाग होतं. नोकरीत वाईट बातमी सांगताना कधी अडखळले नव्हते ते सुभेदार इथं अडखळले. लोक म्हणतायत की सरांनीच दगड विकला, सरांच्या नावाची पाटी लागणार नाही, सोमवारी तक्रार जाणार, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं.

धोंडुबाईंना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी भिंतीला हात टेकला. पोरासाठी म्हणून जे केलं त्यानंच पोराच्या तोंडाला काळं लागलं होतं, आणि इतके दिवस त्या इकडं निरांजनात तेल घालत बसल्या होत्या.

"मला चोर म्हना," त्या शेवटी म्हणाल्या. "पर त्येला नगा म्हनू."

त्यांनी कोनाड्यातला दगड फडक्यासकट उचलून पोटाशी धरला. चला म्हणाल्या. फक्त कालिजातल्या त्या शिकल्यासवरल्या लोकांना त्यांना एक विचारायचं होतं.

६

दालनात सगळे जमले होते. अजून पाटी न लागलेल्या त्या दालनात विश्वजीतराव, प्रियदर्शनी मॅडम, दगड न्यायला आलेले अधिकारी, आणि दाराशी नाथाजी. टेबलावर दोन दगड शेजारी शेजारी ठेवलेले. सुभेदारांनी थोडक्यात सगळं उलगडून सांगितलं. एका बाजूची काजळी, उतू गेलेल्या दुधाचे ओघळ, काचेवरची बोटं, चुलीतली वीट. सांगताना ते एकदाही कुणाकडं बोट दाखवत नव्हते.

"तरी न विचारता नेणं म्हणजे चोरीच," विश्वजीतराव म्हणाले, पण आवाजात पहिली धार नव्हती.

"चोरीला लबाडीची नियत लागते, साहेब," मॅडम म्हणाल्या. "आणि त्यांनी विचारलं होतं. तुम्हाला."

विश्वजीतरावांनी धोंडुबाईंकडं पाहिलं. शोकसभेच्या दिवशी पाहिलं नव्हतं तसं, नीट पाहिलं. मग ते मान खाली घालून बसले.

धोंडुबाई मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, धनाजी सांगायचा, ह्यो दगड कुनाचाच न्हाई. खरं हाय का?"

"खरं आहे. तो सगळ्या माणसांचा आहे."

"सगळ्या मंजी? ह्या सायबांचाबी? नाथाजीचाबी?"

"हो."

"माजा?"

मॅडमनी होकाराची मान हलवली. 

"मग ह्येच्यावर पानी मी येकलीनंच का सोडायचं? ज्येंचा ज्येंचा हाय, त्या समद्यांनी सोडा. आन् मग न्या."

नाथाजी न सांगता तांब्या आणि परात घेऊन आला. धोंडुबाईंनी पदराची गाठ सोडून तीळ काढले आणि पहिल्यांदा आपण पाणी सोडलं. नाथाजीनं सोडलं. संस्थेचे अधिकारी, ज्यांचा धनाजीशी कागदापलीकडं संबंध नव्हता, त्यांनी बूट काढले आणि ओंजळ पुढं केली. विश्वजीतराव उठून आले. त्यांच्या हातातून पाणी पडलं तेव्हा त्यांचे ओठ हलले, काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही. सुभेदारांनी दोन ओंजळी सोडल्या, आणि दुसरी कुणासाठी हे कुणी विचारलं नाही.

सगळ्यांत शेवटी मॅडम. "मी फोन उचलायला हवा होता," एवढंच त्या म्हणाल्या आणि ओंजळ रिकामी झाली तरी हात तसेच धरून राहिल्या. धोंडुबाईंनी ते हात आपल्या हातांत घेतले.

दगड पुसून खोक्यात ठेवताना अधिकाऱ्यांना त्याच्या एका खळगीत अडकलेला तीळ दिसला. त्यांनी तो तसाच राहू दिला. हा दगड पुन्हा समुद्रात टाकता येईल का, असं मॅडमनी हळूच विचारलं. पुढच्या सफरीला मी वर विचारून बघतो, असं ते म्हणाले. पाटी लावायला विश्वजीतरावांनी आपल्याच फौंड्रीतला माणूस बोलावला.

सुभेदार धोंडुबाईंना घरी सोडायला गेले. चुलीचा दगड सबंध वाट धोंडुबाईंच्या मांडीवर होता. पाट अजून कोरडाच होता. घरी आल्यावर त्यांनी वीट काढली, दगड त्याच्या जागी बसवला, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही असं बजावून जाळ केला.

पहिली भाकरी फुगली. बाईंनी ती सवयीनं बाजूला काढून झाकून ठेवली, पीठ मळायला पुन्हा हात घातला, आणि थांबल्या.  मग त्यांनी झाकण काढलं आणि ती भाकरी सुभेदारांच्या ताटात वाढली.